खेळणं कुणाच्या हाती, कुणाच्या दाती

३ जून, कोल्हापूर

सोनू सव्वा वर्षाचा झाला. चालायला लागलाय, पण घाई असली की अजून रांगतोच. हाती येईल ते आधी तोंडात जातं आणि घरातली सगळी मोठी माणसं ‘तोंडात नको, तोंडात नको’ करत त्याच्यामागे धावतात. मला ते पटत नाही. या वयाच्या मुलाला वस्तू कळते ती ओठांनी आणि जिभेने. गार की ऊन, मऊ की खरखरीत, हे बोटांच्या आधी तोंडाला समजतं. त्याला अडवत बसण्यापेक्षा, तोंडात गेलं तरी चालेल असंच त्याच्यापुढे ठेवावं. हे काम मोठ्यांचं आहे.

दुपारी महाद्वार रोडला जाऊन आले. खोकं हातात आलं की आधी उलटं करून वाचायचं, ही बालवाडीतली सवय अजून सुटलेली नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. आयएस ९८७३ हे त्यातलं मुख्य मानक. टोकं, कडा, सुटणारे भाग, रंगातलं शिसं असं सगळं त्यात तपासलं जातं. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना यातून सूट आहे, आणि ती असावीच. गावातल्या सुताराने प्रयोगशाळेचा खर्च कुठून करायचा? पण मग तिथे खुणेची जागा आपल्या चौकशीने घ्यावी लागते. रंग कोणता, लाकूड कोणतं, हे विचारायचं. सांगता आलं तर घ्यायचं.

दुकानात खूण नसलेली खेळणी खूण असलेल्यांच्या शेजारीच मांडली होती. निम्म्या किमतीत. गिऱ्हाईक किंमत बघत होतं, खूण कुणी बघत नव्हतं. मी शेजारच्या बाईंना दाखवली. त्यांनी हातातलं ठेवून दुसरं घेतलं, तेवढ्याने बरं वाटलं.

४ जून

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं ठरवून दिलेलं आहे. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. साधारण लहान मुलाच्या उघड्या घशाएवढं ते माप धरलंय. खेळण्याचा जो भाग दाबल्याशिवाय त्यात पूर्ण मावतो, तो या वयाच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे आरामात मावणारं. गोटी मावते, चिंचोका मावतो, बाहुलीचा बूट मावतो, स्केचपेनचं टोपण मावतं.

घरी तसलं नळकांडं कुठून आणणार? पुठ्ठ्याची सुरळी त्या मापाची करून चिकटवली आणि सोनूच्या टोपलीतलं एकेक त्यातून घालून पाहिलं. सगळं पास झालं, पण पिवळ्या गाडीचं चाक ओढल्यावर निघून हातात आलं आणि सुरळीत अलगद उतरलं. खेळणी धड असताना सगळीच बरी असतात. ओढून, पिळून, आपटून जे निघतं ते मोजायचं. गाडी काढून टाकली.

सोनू दिवसभर स्टीलच्या वाट्यांशी खेळला. एकीत एक घालायची, काढायची, आपटायची. वाटीला वाटी लागल्यावर होणारा आवाज त्याने स्वतः काढलेला असतो, म्हणून तो थांबून ऐकतो.

१२ जून

सईच्या मैत्रिणीचं कुटुंब बंगळूरला निघालं आणि त्यांचा ससा आमच्याकडे आला. पांढरा स्वच्छ. सईने नाव ठेवलं ढवळ्या. येताना तो लहानसा पिंजरा, एक प्लॅस्टिकचा चेंडू आणि घुंगरू लावलेला रंगीत लाकडी हार असं बिऱ्हाड घेऊन आला.

‘आज्जी, हा खेळत का नाही गं? चेंडूकडे बघतपण नाही.’

सईला सांगितलं, आधी तो काय करतो ते दोन दिवस बघ. कागदावर लिही. खेळणं नंतर.

१४ जून

सईची यादी: कुरतडतो. खणतो (गादी!). खाली शिरतो. वस्तू दातात धरून फेकतो. कान टवकारून उभा राहतो. कोपऱ्यातच बसतो.

सात वर्षांच्या मुलीने एवढं टिपलं याचा मला फार आनंद झाला. आता प्रत्येक कृतीला एक खेळणं शोधायचं.

१५ जून

ढवळ्याला पशुवैद्यांकडे दाखवून आणला. त्यांनी सईला तोंड उघडून दाखवलं. सशाचे अठ्ठावीसही दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. झिजले नाहीत तर वाकडे वाढून गालात, जिभेत रुततात आणि जनावर उपाशी राहतं. दुकानदार यावर लाकडाचा ठोकळा देतात. पण लाकूड झिजवतं ते पुढचे दात. दाढा झिजतात गवत चघळताना, कारण तेव्हा जबडा आडवा फिरतो. सशाचं पहिलं खेळणं म्हणजे गवत, आणि तेही दिवसभर. हे डॉक्टर दोनदा म्हणाले. वाळलेलं गवत पावसाळ्यात दमट होऊन त्याला बुरशी धरते, ते द्यायचं नाही. रोज थोडं, हुंगून, झटकून. ताजी हराळी चालते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. सशाला उलटी करताच येत नाही. कुत्रं नको ते खाल्लं तर ओकून टाकतं. सशाच्या पोटात गेलेला प्लॅस्टिकचा तुकडा, सुतळीचा धागा, रबर पुढेच जाणार किंवा अडकणार. आतडं एकदा थांबलं की ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. तो रंगीत हार मी तिथेच डॉक्टरांच्या टोपलीत टाकला. रंग कुठला माहीत नाही, ओवायला नायलॉनचा दोरा, आणि घुंगराच्या फटीत नखं अडकतील अशी.

सईला त्याला सारखं उचलून घ्यायचं असतं. डॉक्टरांनी समजावलं: सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि पाठीचा कणा नाजूक. हातात धडपडून त्याने लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. खेळायचं ते जमिनीवर बसून. ससा, गिनीपिग यांच्यासाठी पळायचं चाक किंवा बंद गोळा विकतात, तोही त्याच कारणाने नको. चाक हॅमस्टरचं, आणि त्याचंही सलग पृष्ठभागाचं हवं. तारांच्या चाकात पाय अडकतो. शिवाय एवढं मोठं हवं की पळताना पाठ वाकता कामा नये.

१९ जून

मोठा पाऊस. घरातच कारखाना.

पुठ्ठ्याची मोठी खोकी घेतली. पिना उपटल्या, चिकटपट्टी सोलली, छापील गुळगुळीत थर होता ते खोकं बाद केलं. एका खोक्याला दोन दारं कापली. दोनच हवीत: शिकार होणाऱ्या प्राण्याला एकच दार असलेली जागा सापळा वाटते. दोन दारं ठेवताच ढवळ्या पहिल्यांदा कोपरा सोडून आत जाऊन आडवा पसरला. दुसऱ्या खोक्यात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या भरल्या, ही त्याची खणायची जागा. गादी सुटली. पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून मध्ये कोथिंबिरीची काडी लपवली. तो नळी दाताने उचलून फेकतो, फिरवतो, ओढतो. सईच्या यादीतली ‘फेकतो’ ही नोंद इथे उपयोगी आली.

फांद्या परसातल्या. पेरूची आणि तुतीची, फवारणी नसलेली, धुऊन वाळवलेली. कुंपणाच्या कण्हेरीला हात लावायचा नाही हे सईला झाडापाशी नेऊन सांगितलं. पान, फूल, खोड, सगळं विषारी. सशालाही आणि माणसालाही. तीच गोष्ट रुईच्या चिकाची.

अडचण आता वेगळीच. ढवळ्याला हवी असलेली फांदी सोनूच्या हाती गेली तर तिचं टोक डोळ्यात जाईल. सोनूची मऊ रबरी कडी ढवळ्याच्या दाती लागली तर तुकडे पोटात. एकाचं उत्तम खेळणं दुसऱ्याला घातक. तेव्हा टोपल्या दोन, आणि दोघं एकाच वेळी एकाच खोलीत मोकळे सोडायचे नाहीत. मध्ये मोठं माणूस बसलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

२४ जून

समोरच्या काकूंकडे बजरीगरची जोडी आहे. इथे सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. ‘बाई, तुम्ही सशाचं एवढं करताय, जरा आमच्याकडे पण बघा,’ म्हणाल्या. नर आरशासमोर बसून राहतो. आरशातला पक्षी उत्तर देत नाही, तरी हा त्याला दाणे भरवू बघतो. जोडीदार शेजारी असताना आरसा कशाला? काढायला सांगितला. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची घंटाही काढायला सांगितली, कारण पक्षी मुलामा चोचीने खरवडून खातात आणि जस्ताची विषबाधा होते. सुटलेल्या धाग्यांचा दोर पायात गुंडाळला जातो, तो गेला.

त्याऐवजी राळ्याचं अख्खं कणीस उलटं टांगलं. लोंबकळायचं, सोलायचं, दाणा काढायचा. वाटीतलं धान्य दोन मिनिटांत संपतं, कणसावर सकाळ जाते. रानातल्या पक्ष्याचा निम्मा दिवस अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात तो वेळ रिकामा पडतो आणि मग ते पिसं उपटतात.

काकूंचा नातू म्हणाला, आम्ही पोपटपण आणणार. त्याला सांगितलं, आपला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळायला बंदी आहे. तो झाडावरच बघायचा. समोरच्या उंबरावर रोज येतो.

२ जुलै

सईची पाळी. तिच्या वयाला खेळणं आणून द्यायचं नसतं, करू द्यायचं असतं.

सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हट्यूब आणली, काड्यापेटीतल्या काड्यांचं गुल खरवडून काढलं. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन्ही टोकांत काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. ‘मग घराच्या छपराला त्रिकोण का असतात ते कळलं,’ असं सई आपणहून म्हणाली. मी काही सांगितलं नव्हतं. तिसरी काडी जोडायला ट्यूबला बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं. संध्याकाळपर्यंत एक घर उभं राहिलं.

हा खेळ अरविंद गुप्ता यांचा. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि काड्या, ट्यूब, झाकणं, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञान शिकवायला लागला. पुढे पुण्याला आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीत आहेत. त्यांचं मला सगळ्यात पटतं ते हे की मुलाला खेळणं मोडू द्यावं, उघडून आत काय आहे ते बघू द्यावं. महागडं खेळणं आपण कपाटावर ठेवतो, कारण ते मोडेल. काडीचं घर मोडलं तर दुसरं होतं.

मात्र ट्यूबचा तुकडा पुठ्ठ्याच्या सुरळीत मावतो. खेळ टेबलावर, दार लावून, आणि उठताना तुकडे मोजून डबीत.

६ जुलै

बेंदूर जवळ आला. कुंभार गल्लीत मातीचे बैल मांडलेत. सोनूला बैल बघून काय आनंद! हात लांब करून ‘अम्म्’ करतो.

‘बाई, त्या बारक्याच्या हातात देऊ नगासा,’ कुंभारमामाच म्हणाले. ‘भाजल्याला न्हाई ह्यो. पुजंचा हाय. रंग हाताला लागतोय, पोरगं तोंडात घालंल.’

विकणाऱ्यानेच असं सांगावं! पूजेचा जोड घेतला आणि मामांकडून चिखलाचा एक गोळा मागून आणला, रंग न लावलेला. सई अंगणात बैल करत बसली. एकाला मान जोडता येईना, मग दोरा ओवून हलती मान केली. सिंधू संस्कृतीतल्या मातीच्या बैलांमध्ये अगदी अशीच दोऱ्याने हलणारी मान सापडली आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पाला मातीच्या गाड्याही मिळाल्या. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्याशा पोरासाठी मानेत भोक पाडून दोरा घातला. सईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ बैलाकडे बघत राहिली.

१३ जुलै

चिंध्यांची बाहुली शिवली. माझ्या जुन्या सुती लुगड्याचं कापड, कारण ते शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं आणि रंग सुटून गेलेला. आत चिंध्याच. धान्य किंवा वाळू भरली की शिवण उसवली तर दाणे बाहेर. डोळे धाग्याने भरले, बटणं नाहीत, केसांना लोकरीचे लांब धागे नाहीत. शिवण दुहेरी. झाल्यावर हात, पाय, डोकं जोर लावून ओढून पाहिलं.

बाहुलीचे डोळे, बांगड्या, माळा यांत अजूनही गुंजा दिसतात, लाल-काळ्या, मोहक. सोनार वजनाला वापरायचे त्याच. त्यांच्यात अ‍ॅब्रिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. साल अख्खी असेल तर बी बऱ्याचदा तशीच निघून जाते, पण ओवायला भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जीव घेऊ शकते. जिथे मूल आहे त्या घरात गुंज नकोच. सागरगोटे सईला दिलेत, ते मोठे आणि टणक. तरी खेळून झाले की डब्यात.

कोसबाडच्या टेकडीवर प्रशिक्षण घेतलं ते दिवस आज फार आठवले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं, आणि अनुताई वाघांनी ते पुढे नेलं. माँटेसोरीची साधनं महाग. आदिवासी पाड्यावर ती परवडणार कशी? त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या यांतून साधनं उभी केली. मुलांना शाळेत येणं जमत नाही तर शाळाच अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ देशभर गेली ती तिथून. साधन स्वस्त असण्यापेक्षा ते मुलाच्या रोजच्या ओळखीचं असणं त्यांना महत्त्वाचं होतं. काटकी मुलाने आधी पाहिलेली असते. ती मोजताना त्याला भीती वाटत नाही.

१५ जुलै

भाचीकडे महिन्याभराचं बाळ आहे. पाळण्यावर चिमणाळं टांगायचं का, असं तिने फोनवर विचारलं. जरूर टांग म्हटलं. रंग ठळक, चिमण्या बाळाच्या बाजूने दिसतील अशा. हात पोचणार नाही एवढं उंच, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की, म्हणजे पाचेक महिन्यांनी, काढून टाक. झोपताना पाळण्यात मऊ खेळणी, उशा काही नको.

१६ जुलै

चन्नपट्टणचा खुळखुळा मिळाला. हलक्या पांढऱ्या लाकडाचा, चरकावर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंगवलेला. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. लाखेत हळदीसारखे वनस्पतीचे रंग. सोनूने तासभर चावला, रंग गेला नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं मला याहून देखणी वाटतात, पण ती सईच्या भातुकलीसाठी. सीताफळ तर इतकं हुबेहूब की सोनू ते खाणारच.

२० जुलै

सई वाढदिवसाहून रिटर्न गिफ्टची पिशवी घेऊन आली. आत बोटात घालायचे चमकणारे दिवे आणि एकमेकांना चिकटणारे चुंबकाचे बारीक गोळे. गोळे मी लगेच काढून घेतले: दोन-तीन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत फाटते. दिव्याचं झाकण सोनूच्या नखानेही उघडलं असतं. स्क्रू नाही. आत बटणाएवढा चपटा सेल.

हा सेल घशात अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि अन्ननलिका भाजत जाते. दोन तासांत भोक पडण्याइतकी इजा होऊ शकते. दिवा पेटत नाही म्हणून टाकून दिलेल्या सेलमध्येही त्यासाठी पुरेशी वीज उरलेली असते. मूल रडेलच असं नाही; लाळ गळते, जेवत नाही, खोकतं, आणि आपण सर्दी समजतो. शंका आली तरी उलटी काढायची नाही, वाट बघायची नाही, एक्स-रे निघेल अशा इस्पितळात तडक जायचं.

रात्री घरातल्या सगळ्या वस्तू उलट्या केल्या. वजनकाटा, टीव्हीचा रिमोट, गाडीची किल्ली, दिवाळीतली विजेवरची पणती, गाणारं शुभेच्छापत्र. खेळणी कमी आणि बाकीच जास्त. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे, कुरतडणारं जनावर आहे, त्यांनी हे आज रात्रीच करावं. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल ती वस्तू उंच कपाटात कुलपाआड ठेवावी, आणि वापरलेले सेल चिकटपट्टीत गुंडाळून त्याच दिवशी घराबाहेर काढावेत.